डेडमची दरी दाखवणार असाल, तर…

ब्रिटनच्या सहली आखणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांच्या चालकांस,



जॉन कॉन्स्टेबल हा इंग्रज निसर्गचित्रकार ११ जून १७७६ रोजी सफक परगण्यातल्या ईस्ट बर्गहोल्ट या गावी जन्मला. २०२६ मध्ये त्याला अडीचशे वर्षं होतात. असं निमित्त मिळालं की कुणाच्या तरी कार्यक्रमपत्रिकेत ‘लंडनहून केंब्रिजमार्गे कॉन्स्टेबलच्या निसर्गरम्य दरीत’ अशी ओळ येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ती ओळ छापायच्या आधी चार गोष्टी मांडाव्यात म्हणून हे जाहीर पत्र. माझा आग्रह एवढाच आहे, की स्टूर नदीची ही दरी लोकांना सौंदर्यस्थळ म्हणून विकू नका. ती घामाची, पिठाची आणि शेणखताची जागा म्हणून दाखवा. तसं दाखवणं जमणार नसेल तर बस तिकडे वळवूच नका; आपल्या माणसांचे पैसे आणि त्या गावाची शांतता, दोन्ही वाचतील.

मुळात निसर्गरम्य म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं, त्यातलं इथे काहीच नाही. आंबेनळी घाट उतरलेल्या किंवा भर पावसात माळशेज ओलांडलेल्या माणसाला स्टूरच्या काठी उभं केलं तर तो आधी इकडेतिकडे बघेल आणि मग दरी कुठे आहे असं विचारील. कडा नाही, धबधबा नाही. सफक आणि एसेक्स या दोन परगण्यांची हद्द आखत जाणारी, पाऊणशे किलोमीटरची एक संथ नदी, दोन्ही अंगांना सपाट ओली कुरणं, चरणारी गुरं, कडेला बुटक्या टेकड्यांची उतरंड आणि मध्ये डेडम गावच्या चर्चचा चौकोनी मनोरा. नदीही अशी, की पूर नसेल तर ओढा म्हणावी. शेजारून ए-१२ महामार्ग जातो, त्याची घरघर वारा फिरला की ऐकू येते. तरीही या पट्ट्याने चित्रकार दिले आणि ओढूनही घेतले. वरच्या अंगाला सडबरी गावात १७२७ साली गेन्सबरो जन्मला. विसाव्या शतकात घोड्यांची चित्रं काढणारा आल्फ्रेड मनिंग्ज डेडममध्ये घर घेऊन मरेपर्यंत राहिला, जॉन नॅशने वर्मिंगफर्डजवळच्या शेतघरात उरलेली हयात काढली, आणि सेड्रिक मॉरिसने १९३७ मध्ये डेडममध्येच चित्रशाळा उघडली. यांच्यापैकी कुणीही इथे अर्ध्या तासासाठी आलं नव्हतं. हे सगळे तिथे राहिलेले लोक आहेत, आणि कॉन्स्टेबलच्या बाबतीत तर गोष्ट राहण्याच्याही पलीकडची आहे.

त्याचे वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल हे धान्याचे व्यापारी. फ्लॅटफर्ड आणि डेडम इथल्या पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या त्यांच्या ताब्यात होत्या. गिरणीतलं पीठ सपाट तळाच्या पडावांतून नदीने मिस्टलीच्या धक्क्यावर जायचं, तिथून जहाजाने लंडनला. परतीच्या खेपेला कोळसा यायचा. स्टूर नदी ही त्या काळी व्यापाराची वाट होती. १७०५ च्या कायद्याने तिला सडबरीपासून मॅनिंगट्रीपर्यंत नौकानयनासाठी बांधून काढलं होतं, ठिकठिकाणी दरवाजे लावून पाणी अडवलं आणि चढवलं होतं. ज्याला आपण निसर्ग म्हणून बघायला जाणार, ती नदी कॉन्स्टेबलच्या जन्माआधी सत्तर वर्षं माणसांनी वळवलेली, बांधलेली आणि पट्टी बसवलेली होती. कॉन्स्टेबलनं काय रंगवलं ते आता पाहा. १८१६-१७ च्या ‘फ्लॅटफर्ड मिल’ या चित्रात पडाव पुलाखालून काढायचे आहेत, म्हणून ओढणाऱ्या घोड्याचा दोर सोडायचं काम चालू आहे. एक पोर घोड्यावर बसलंय, दुसरं दोराशी झटतंय. आणि चित्रकाराची सही? ती खालच्या मातीत काठीने ओरखडल्यासारखी केलेली आहे. १८१९ च्या ‘व्हाइट हॉर्स’मध्ये पांढरा घोडा होडीत उभा आहे, कारण पडाव ओढायची वाट तिथे एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते आणि पूल नसल्यामुळे घोड्यालाच पलीकडे न्यावं लागतं. १८२५ च्या ‘लीपिंग हॉर्स’मधला घोडा उधळलेला नाही. गुरं दुसऱ्याच्या रानात शिरू नयेत म्हणून त्या वाटेवर आडवे कठडे घातलेले असत, आणि ते उडी मारून ओलांडायचं शिक्षण त्या घोड्यांना दिलेलं असे. ‘बोट-बिल्डिंग’ या १८१५ च्या चित्रात नदीशेजारी खणलेल्या कोरड्या गोदीत पडाव बांधणं चाललंय. यांतलं एकही चित्र ‘काय सुंदर देखावा आहे’ एवढ्यावर सोडता येत नाही. दोर का सोडला, घोडा होडीत कसा, हे प्रश्न पडायलाच हवेत. आणि त्यांची उत्तरं कलेच्या पुस्तकापेक्षा त्या काठावर लवकर सापडतात.

माझ्या म्हणण्याला सगळ्यांत बळकट पुरावा मात्र बोस्टनच्या संग्रहालयात टांगलेला आहे. १८१४ च्या सुमाराला थॉमस फिट्झह्यू नावाच्या गृहस्थाने आपल्या नियोजित वधूसाठी, फिलाडेल्फिया गॉडफ्री हिच्यासाठी, लग्नाची भेट म्हणून एक चित्र मागवलं. ती ईस्ट बर्गहोल्टच्या मोठ्या वाड्यातली मुलगी. लग्न होऊन गाव सोडून जाणार, तेव्हा माहेरच्या आवारातून दिसणारी दरी तिच्याजवळ राहावी, हा हेतू. अशा चित्रात आपण काय घातलं असतं? बहुधा फुलं, संध्याकाळ, पाखरं. कॉन्स्टेबलनं समोर, अगदी नजरेत भरेल अशा जागी, शेणखताचा भलामोठा ढीग ठेवला. दोन गडी तो खणताहेत, खत वाहायला गाडी उभी आहे, लांब नांगरट चालू आहे, आणि या सगळ्याच्या पलीकडे नदी, कुरणं आणि डेडमचा मनोरा. लग्नाच्या आहेरात उकिरडा! पण त्यात थट्टा नाही की खोडसाळपणा नाही. सुगी संपलेली, शरद ऋतू आलेला, आता साठवलेलं खत रानात पसरून जमीन नांगरायची, हा त्या हंगामाचा नेम होता आणि चित्र त्या हंगामाचं होतं. मुलीनं माहेर आठवायचं तर ते कामाच्या दिवसातलं आठवावं, असं त्याला वाटलं असेल का, हे सांगता येणार नाही. पण खताशिवाय त्या दरीचा हिरवा रंग येत नाही, हे गिरणीवाल्याच्या पोराला पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ते चित्र दाखवलं तर त्याला समजावून सांगावं लागणार नाही. अडचण आपल्यासारख्या शहरी पर्यटकांची आहे.

आता त्याच्या ‘हे वेन’ या चित्राविषयी, कारण तुमच्या पत्रिकेवर तेच छापलं जाणार. १८२१ साली रॉयल अकॅडमीत हे चित्र लागलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘लँडस्केप: नून’, म्हणजे निव्वळ दुपारचा देखावा. लंडनमध्ये ते तेव्हा विकलं गेलं नाही. पॅरिसच्या १८२४ च्या प्रदर्शनात त्याला राजाचं सुवर्णपदक मिळालं, आणि आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. वैरणीची गाडी उथळ पाण्यात उभी, डावीकडे विली लॉट या शेतकऱ्याचं घर, घराजवळ पाण्याशी वाकलेली बाई, काठावर कुत्रं. गाडी रिकामी आहे. नीट पाहिलं तर उजवीकडे लांब कुरणात गवत कापणाऱ्यांचे पांढरे ठिपके दिसतात आणि तिथे दुसरी गाडी भरली जातेय. म्हणजे ही गाडी पुढची खेप आणायला निघाली आहे. कॉन्स्टेबलनं हे सहा फुटी चित्र नदीकाठी बसून काढलं नाही. ते लंडनच्या घरात, गावी केलेल्या जुन्या रेखाटनांवरून आणि आठवणीवरून तयार झालं. गाडीचे तपशील हवे होते ते त्याने गावाहून काढून मागवले. म्हणून फ्लॅटफर्डच्या त्या पाण्यासमोर उभं राहून ‘तोच अँगल’ शोधणाऱ्यांच्या हाती फारसं लागत नाही. घर आहे, पाणी आहे. पण चित्रातले एल्मचे वृक्ष गेले, १९७० च्या दशकात रोगाने इंग्लंडभरचे एल्म वाळले तसेच. गाडी अर्थातच नाही. घरातही सहसा जाता येत नाही. मोबाइलवरचं चित्र आणि समोरचा देखावा ताडून पाहण्यात पंधरा मिनिटं जातात आणि ‘बरं होतं’ म्हणून लोक बसकडे वळतात. यात त्यांचा काही दोष नाही, त्यांच्या हातात तेवढंच दिलेलं असतं.

इथे जाणकार मला अडवतील. ते म्हणतील, कॉन्स्टेबलला एवढा कष्टकऱ्यांचा साक्षीदार करू नका. त्याने चित्र सजवण्यासाठी जागा हलवल्या आहेत. १८२६ च्या ‘कॉर्नफील्ड’मध्ये त्याच्या शाळेच्या वाटेवरची ओळखीची गल्ली आहे, पण पलीकडे दिसणारं चर्च कल्पनेतलं आहे. शिवाय जॉन बॅरेल या अभ्यासकाने १९८० साली ‘द डार्क साइड ऑफ द लँडस्केप’ या पुस्तकात दाखवून दिलं, की त्याच्या चित्रांतले मजूर लांब, लहान, तोंडावळा नसलेले आणि कायम कामात गढलेले आहेत. ज्या वर्षांत ही चित्रं झाली त्या वर्षांत पूर्व इंग्लंडचा शेतमजूर उपाशी होता. नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपल्यावर धान्याचे भाव कोसळले, मजुरी पडली. १८१६ मध्ये दंगली झाल्या आणि १८२२ मध्ये पुन्हा. रात्रीमागून रात्री दिसणाऱ्या आगींची खबर कॉन्स्टेबलच्या स्वतःच्या पत्रात आहे, तीही ‘हे वेन’ लागल्यानंतर वर्षभराच्या आत. चित्रात मात्र दुपार, आणि सगळं निवांत. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. तो मालकाचा मुलगा होता आणि त्याची नजर मालकाच्या मुलाची होती. गडी कुठे काम करतो हे त्याला चोख दिसलं, गडी काय खातो हे त्याने विचारलं नाही. पण यातून दरी नुसती डोळे भरून बघावी असा निष्कर्ष निघत नाही, नेमका उलटा निघतो. कामाची जागा म्हणून जो तिच्याकडे बघेल त्यालाच हा प्रश्न सुचेल: एवढं पीठ लंडनला गेलं, मग इथला मजूर भाकरीसाठी का पेटला? देखावा बघणाऱ्याला तो कधीच सुचणार नाही.

दुसरी शंका अशी, की हे झालं दोनशे वर्षांपूर्वीचं. रेल्वे आली, पडाव बंद पडले, आता ती दरी संग्रहालयच आहे, तेव्हा पर्यटकाने सौंदर्य बघितलं तर बिघडलं कुठे? संग्रहालय म्हणण्यासारखं काही आहे, हे खरं. १९७० मध्ये डेडम व्हेलला, म्हणजे याच दरीला, संरक्षित निसर्गपट्ट्याचा दर्जा मिळाला. फ्लॅटफर्डची गिरणी १९४३ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. पण ती गिरणीसुद्धा रिकामी ठेवलेली नाही. १९४६ पासून तिथे फील्ड स्टडीज कौन्सिलचं केंद्र चालतं, मुलं आणि मोठी माणसं मुक्कामाला येऊन वनस्पती, किडे, नदी शिकतात. म्हणून तर वाटसरूला आत सोडत नाहीत. नदीही रिकामी नाही. १९७० च्या दशकापासून ग्रेट ऊझ या दुसऱ्याच नदीचं जादा पाणी बोगद्यातून आणि नळांतून आणून स्टूरच्या वरच्या अंगाला सोडतात, आणि खाली ते उचलून एसेक्सच्या जलाशयांत भरतात. एसेक्समधल्या कितीतरी घरांच्या नळाला हे पाणी येतं. आपल्या कालव्यांच्या आणि पाणीवाटपाच्या भांडणांत वाढलेल्या माणसाला हा देखाव्याचा भाग रटाळ वाटेल असं मला वाटत नाही. कुरणांतली गुरं शोभेची नाहीत. ती चरली नाहीत तर कुरणाचं झुडपी रान होईल आणि कॉन्स्टेबलचा देखावा दहा-वीस वर्षांत बुजेल.

आणि विलोची झाडं. पाण्याच्या कडेला सारख्या अंतरावर, एका वयाची, सरळसोट खोडाची झाडं रांगेने उभी दिसली तर ती निसर्गाने उगवलेली नाहीत हे लगेच कळतं. ही क्रिकेटच्या बॅटची लागवड. एसेक्स आणि सफकच्या ओल्या मातीत हा विलो पंधरा-वीस वर्षांत कापणीला येतो, त्याचे ठोकळे पाडतात, आणि त्यांतले पुष्कळ मेरठ-जालंधरच्या कारखान्यांत येऊन त्यांच्या बॅटी होतात. दादर-शिवाजी पार्कच्या दुकानात ‘इंग्लिश विलो’ म्हणून दुप्पट-चौपट भावाने जी विकली जाते, तिचं लाकूड अशाच काठांवरचं. हा धागा आपल्या सहलीतल्या बारा वर्षांच्या पोरापासून पंचाहत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना धरून ठेवील, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. देखावा जपणाऱ्यांना या एकसुरी रांगा खटकतात, तेव्हा वादही आहे, तोही सांगा. कॉन्स्टेबल आज असता तर त्याने विलोची रांग वगळली असती की चित्राच्या मधोमध घातली असती, यावर बसमध्ये तासभर चर्चा होऊ शकते. माझं मत विचाराल तर खताचा ढीग ज्याने नवरीला दिला, त्याने रांगही घातली असती.

तुमची खरी हरकत मात्र व्यवहाराची असेल, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गिऱ्हाईक आठ-दहा दिवसांसाठी लाखांत पैसे मोजतं. त्याला टॉवर ब्रिज हवा, बकिंगहॅम हवा, स्कॉटलंड हवं. एका चिखलाच्या वाटेसाठी अर्धा दिवस कुठून काढायचा? मंडळींत गुडघे दुखणारे असतात, संध्याकाळचं जेवण वेळेवर लागतं, पाऊस तर तिथे कधीही येतो. म्हणूनच मी ही दरी सरसकट प्रत्येक सहलीत घाला असं म्हणत नाही. मोठ्या बसच्या दृष्टीने ती जागाच नाही. फ्लॅटफर्डला जाणारा रस्ता अरुंद, वस्ती मूठभर, वाहनतळ लहान. दोन बसगाड्या एका वेळी आल्या तर तिथे नदी दिसायच्या ऐवजी रांगच दिसेल. लोणावळ्याला भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पावसाळी रविवारी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ज्यांना वीस मिनिटंच द्यायची आहेत त्यांना लंडनमध्येच नॅशनल गॅलरीत ‘हे वेन’पुढे उभं करा. प्रवेश फुकट, छप्पर डोक्यावर, बसायला बाक, आणि चित्रापासून एक हातावर गवताच्या गाडीचं चाक. त्यात कमीपणा काही नाही. उलट चित्र पाहायला चित्रच उत्तम.

उरतात ते आठ-दहा जण, ज्यांना खरोखर जायचं आहे: चित्रकलेचे शिक्षक, शेतीत मन असलेले निवृत्त लोक, मुलाकडे लंडनला महिनाभर राहायला गेलेले आईवडील. या शेवटच्या वर्गाकडे तुमचं लक्षच नसतं, आणि तिकडच्या मराठी घरांत उन्हाळाभर अशी कितीतरी जोडपी शनिवार-रविवारची वाट पाहत बसलेली असतात. त्यांच्यासाठी छोटा गट करा. आदल्या दिवशी गॅलरीत चित्र दाखवा, आणि बोस्टनच्या त्या खताच्या चित्राची चांगली छपाई हातात द्या. दुसऱ्या दिवशी लिव्हरपूल स्ट्रीटहून तासाभराच्या गाडीने मॅनिंगट्रीला उतरा आणि नदीकाठाने तीनएक किलोमीटर चालत फ्लॅटफर्डला जा. ही सपाट वाट पडावांच्याच मार्गाला लागून आहे, आणि मालाबरोबर समुद्राकडून गावाकडे येणाऱ्या माणसाला दरी जशी उघडत जायची तशीच ती उघडते. ज्यांना चालवत नाही त्यांना टॅक्सीने थेट पुलाजवळ न्या. फ्लॅटफर्डला पूल, लॉकचा दरवाजा, गोदीचा खड्डा दाखवा आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारा, इथे कोण काय करत होतं. पुढे कुरणांतून डेडमपर्यंत जायचं की नाही, ते पायांवर आणि पावसावर सोडा. बरोबर चित्रकार असेल तर रंगपेटी उघडायला दोन तास मोकळे ठेवा.

आणि ‘आपल्या नद्या काय कमी आहेत, एवढ्या लांब कशाला?’ असं कुणी विचारलंच, तर त्याचं म्हणणं ऐकून घ्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत इंग्रजी जलरंगाची पद्धत रुजली आणि तिथून बाहेर पडलेले चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या नाशिकला गोदाघाटावर आणि वाईला कृष्णेच्या घाटांवर कागद घेऊन बसत आले. त्या चित्रांतही धुणं आपटणाऱ्या बाया आहेत, पाणी पिणारी जनावरं आहेत, आठवड्याच्या बाजाराची गर्दी आहे. तेव्हा या विचारणाऱ्याला वाईची सहल याच रीतीने आखून द्या: आधी चित्रं, मग घाट, आणि घाटावर तोच प्रश्न. हवी तर ती आधी आखा. स्टूरकाठची वाट त्यानंतर केली तर लोकांना तिथे काय शोधायचं ते आपसूक कळेल आणि तुमच्या मार्गदर्शकाचं निम्मं काम वाचेल.

छापील पत्रिकेत बदल करायला अजून अवधी असेल, तर ‘निसर्गरम्य’ हा शब्द काढून त्या जागी ‘पाण्यावरच्या गिरण्या, पडाव आणि कॉन्स्टेबल’ एवढं घाला. जागा तेवढीच लागेल.

कळावे,
आपला एक चित्रप्रेमी वाचक